रिपोर्ट यांचा आला, पण टेस्ट आधी तुमची करा

"ताई नमस्कार. आम्ही नागपूरला मानेवाड्यात राहतो. घरी सासूबाई, हे, मी, मुलगा 13 वर्षांचा आणि मुलगी 7 वर्षांची. यांच्या ऑफिसने बॉडी चेकअप करवला तर एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी शुगर) 6.1 आणि ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) 238 निघालं, वय फक्त 43, दिवसभर खुर्चीवरचं काम. सासूबाईंना 15 वर्षांपासून शुगर आहे, सासऱ्यांनाही होती, ते किडनीने गेले. सासूबाई म्हणतात, अगं आमच्या घराण्यातच आहे ते, तू काय करशील त्याला. मुलाचं वजन 64 किलो झालं आणि मान काळी पडून राहिली, लिंबू-बेसन लावून किती घासली तरी जात नाही. माझ्या बाबांना 52 व्या वर्षी अटॅक आला होता पण ते माहेरचं झालं. मला स्वतःला काही नाही, मुलीच्या वेळेस थोडी शुगर आली होती ती नंतर गेली. मी आता यांच्यासाठी वेगळी भाजी वेगळी पोळी करते, दोन-दोन स्वयंपाक करून जीव थकतो. हे जर रक्तातच असेल तर एवढं करून काही फायदा आहे का? – एक सून"

ताई नमस्कार,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं हे यांच्या रिपोर्टचं पत्र आहे, दुसऱ्यांदा वाचताना मुलाच्या मानेपाशी थांबले, आणि तिसऱ्यांदा ती ओळ दिसली, "मला स्वतःला काही नाही, मुलीच्या वेळेस थोडी शुगर आली होती ती नंतर गेली". सगळ्यांचे आकडे तुम्हाला तोंडपाठ आहेत, यांचं ट्रायग्लिसराइड, मुलाचं वजन, सासूबाईंची 15 वर्षं, आणि स्वतःचा एकही आकडा पत्रात नाही. म्हणून मी उत्तर शेवटच्या टोकाकडून सुरू करते, आधी तुम्ही, मग बाकीचे.

गरोदरपणातली शुगर जाते हे खरं आहे. वारेतून जे हार्मोन येत असतात ते इन्शुलिनला नीट काम करू देत नाहीत, बाळंतपण झालं की वार पडते, ते हार्मोन थांबतात आणि बहुतेक बायकांची शुगर परत जागेवर येते. पण ज्या बाईच्या शरीराला ते जास्तीचं ओझं तेव्हा पेललं नाही तिला पुढच्या आयुष्यात टाइप टू डायबिटीस व्हायचा धोका बाकीच्या बायकांपेक्षा 7 ते 10 पट जास्त असतो, हे वेगवेगळ्या देशांतल्या अभ्यासांत परत परत दिसलं आहे. म्हणून डिलिव्हरीनंतर 6 आठवड्यांनी 75 ग्रॅम ग्लुकोज पिऊन टेस्ट परत करायची असते आणि ती नॉर्मल आली तरी पुढे दर 1 ते 3 वर्षांनी शुगर बघत राहायची असते. तुमची मुलगी 7 वर्षांची झाली. या 7 वर्षांत तुम्ही किती वेळा केली? पत्रावरून तरी वाटते एकदाही नाही. मी तुम्हाला अजिबात दोष देऊन नाही राहिले, आपल्याकडे बाळंतपणानंतर सगळे बाळाचं वजन विचारतात, लसी झाल्या का विचारतात, आईला फार तर दूध येते का एवढं विचारतात, तिच्या शुगरचं कोणाच्या लक्षातही राहत नाही.

हे मी एवढं जीव तोडून काहून सांगते ते पण ऐका. आमचं घर नागपुरातच महाल भागात, बाबांना 47 व्या वर्षी शुगर निघाली. आईने तुमच्यासारखंच केलं, बाबांसाठी बिनतेलाचं दोडकं, आमच्यासाठी तर्रीची भाजी, बाबांच्या भाकरी वेगळ्या आमच्या पोळ्या वेगळ्या, आणि रात्री दोन्ही पातेल्यांत जे उरलं ते ती ओट्यापाशी उभ्याने खाऊन घ्यायची, साडेदहाला, कधी त्याच्याही नंतर. दर तीन महिन्यांनी बाबांना लॅबमध्ये तीच न्यायची, रिपोर्टची फाईल तिच्याच पिशवीत असायची, आणि असं 9 वर्षं चाललं. मग तिला डोळ्यांसमोर जाळं दिसायला लागलं, आम्हाला वाटलं मोतीबिंदू असेल, डोळ्यांच्या डॉक्टरांनी पडदा बघितला तर त्यावर शुगरचे डाग. तेव्हा पहिल्यांदा तिची शुगर मोजली, 300 च्या वर होती. म्हणजे 9 वर्षं ती त्या लॅबच्या बाकावर बसून येत होती आणि तिचं बोट कोणी टोचलं नाही, लॅबवाल्यांनी नाही, डॉक्टरांनी नाही, आणि मी पण नाही, मी तेव्हा आहारशास्त्र शिकून राहिले होते. एका डोळ्याची नजर परत आलीच नाही तिची.

आई आणि बाबांचं काही रक्ताचं नातं नव्हतं. तेल एक होतं, जेवायची वेळ एक होती, जागरण एक होतं, टेन्शनही एकच होतं. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठाच्या संशोधकांनी 2014 मध्ये जुने 6 अभ्यास एकत्र करून 75 हजारांच्या वर जोडपी बघितली, तर नवरा-बायकोपैकी एकाला डायबिटीस असला की दुसऱ्याला व्हायचा धोका 26 टक्क्यांनी जास्त दिसला. तुम्ही तर दोन्हीकडून त्यात येता, गरोदरपणातली शुगर तुमची स्वतःची आणि स्वयंपाकघर यांच्यासोबतचं.

आता सासूबाईंचं म्हणणं. त्या खोटं नाही बोलत. आई किंवा वडील एकाला टाइप टू असेल तर मुलांना आयुष्यात कधीतरी व्हायची शक्यता साधारण 40 टक्के धरतात आणि दोघांनाही असेल तर 70 टक्क्यांच्या आसपास, आणि यांच्याकडे तर दोघांनाही. पण शक्यता वेगळी आणि नशिबात लिहिलेलं असणं वेगळं. चेन्नईच्या डॉ. व्ही. मोहन यांच्या संस्थेने 2005 मध्ये आपल्या भारतीय लोकांसाठी एक साधा रिस्क स्कोअर काढला, त्याला रक्त काढावं लागत नाही, एकूण 100 मार्कांचा आहे. यांचा करून बघू. वय 35 ते 49 मध्ये म्हणून 20, आई-वडील दोघांना शुगर म्हणून 20, बैठं काम आणि व्यायाम नाही म्हणून 30. झाले 70, आणि कंबर अजून मोजलीच नाही, 60 झाले की हाय रिस्क धरतात. पण मार्क कशाला किती आहेत ते बघा ना ताई. आई-वडिलांचे जास्तीत जास्त 20. कंबरेचे जास्तीत जास्त 20 आणि हालचाल नसल्याचे 30, म्हणजे 100 पैकी 50 मार्क आपल्या हातातले आहेत. हा कागद सासूबाईंना वाचून दाखवा, भांडायला नाही, त्यांना खरंच माहीत नसेल. ज्या बाईने नवरा किडनीने जाताना बघितला तिने "घराण्यातच आहे" म्हणून मनाला समजावलं असेल, नाहीतर स्वतःला दोष देत बसली असती, असं मला वाटते.

आणि घराण्यात म्हणजे नक्की काय असतं? एकच एक शुगरचं जीन असतं आणि ते मिळालं की संपलं असं (अगदी थोडे प्रकार सोडले तर) नसतं. शेकडो बारीक बारीक फरक असतात, एकेकाचा वाटा छोटा, त्यातला टीसीएफसेव्हनएलटू नावाच्या जीनमधला फरक त्यातल्या त्यात मोठा, तो 2006 मध्ये सापडला आणि नंतर पुण्याच्या लोकांमध्येही दिसला. त्यावर आपली शरीराची ठेवण. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी स्वतःचा आणि त्यांच्या इंग्रज सहकाऱ्याचा एकत्र फोटो 2004 मध्ये लॅन्सेट या डॉक्टरांच्या मासिकात छापला होता, दोघांचा बीएमआय (उंचीच्या हिशोबाने वजन) सेम 22.3, पण इंग्रज माणसाच्या अंगात चरबी 9.1 टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात 21.2 टक्के. आपण दिसायला बारीक असतो आणि पोटात चरबी घेऊन फिरतो, आपली बाळं जन्मतःच कमी वजनाची पण चरबीने जास्त असतात हे त्यांनी पुण्याजवळच्या खेड्यांत मोजून दाखवलं. म्हणून वजनकाट्यापेक्षा टेप महत्त्वाचा. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड याच्या मधोमध टेप लावायचा, श्वास सोडायचा, पोट आत ओढायचं नाही, पुरुषाची 90 सेंटीमीटर आणि बाईची 80 च्या आत हवी. मोठ्यांची अशी मोजा, एकाच दिवशी, सासूबाईंची पण, आणि आकडे फ्रिजवर नका लावू, डायरीत लिहा.

तुमच्या मुख्य प्रश्नाचं उत्तर, फायदा आहे का? आहे, आणि आपल्याच देशात मोजलेला आहे. चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांच्या टीमने यांच्यासारख्याच, म्हणजे शुगरच्या उंबरठ्यावर असलेल्या 531 लोकांना 3 वर्षं बघितलं, 2006 मध्ये छापलं. ज्यांना नेहमीचा वरवरचा सल्ला दिला त्यांच्यातल्या 55 टक्के लोकांना 3 वर्षांत डायबिटीस झाला, आणि ज्यांचं खाणं आणि चालणं खरंच बदलवलं त्यांच्यातल्या 39 टक्के लोकांना. काही जणांना तरीही झाला, ते मी लपवणार नाही. पण 100 पैकी 16 घरं वाचली ना, आणि बाकीच्यांनाही काही तोटा झाला नाही.

मुलाची मान. ताई, आजपासून घासणं बंद. तो मळ नाही. मानेवर, काखेत जी काळपट, जाडसर, मखमलीसारखी चामडी होते ती बरेचदा अंगात इन्शुलिन जास्त झाल्याची खूण असते, म्हणजे इन्शुलिन आहे पण शरीर त्याचं ऐकत नाही म्हणून अजून तयार होत राहते आणि ते चामडीच्या पेशींना वाढवते. घासल्याने उलट अजून काळी होते. वजन थोडं खाली आलं, खेळणं वाढलं की हळूहळू कमी होते, काही महिने लागतात. वय 10 च्या वर, वजन जास्त, घरात शुगर, आणि वरून ही मान, अशा मुलाची शुगर तपासायला सांगतातच, त्याला बालरोगतज्ज्ञांकडे घेऊन जा, शुगर, लिपिड (रक्तातली चरबी), लिव्हरचं एसजीपीटी आणि बीपी बघून घ्या. पण डाएटिंगला नका बसवू, वाढीचं वय आहे, वजन आहे तिथे थांबलं आणि उंची वाढली तरी खूप झालं. आणि पाहुण्यांसमोर "पोट्टा ऐकतच नाही, खाऊन खाऊन बघा कसा झाला" हे वाक्य घरात कोणीही बोलायचं नाही, आजीनेही नाही. 13 व्या वर्षी ते वाक्य फार खोल जाते, मग पोरगं लपून खाते, ट्यूशनच्या बाहेर आलूपोंगा आणि कोल्ड्रिंक. मुलीलाही विसरू नका, ती पोटात असताना तुमची शुगर वाढलेली होती त्यामुळे तिलाही वजन आणि शुगरचा धोका थोडा जास्त असतो, तिच्याकडे आत्तापासून लक्ष असलं की झालं, घाबरायचं काही नाही, आणि यात तुमची चूक तर मुळीच नाही.

"ते माहेरचं झालं" हे वाचून मला वाईट वाटलं. आपण लग्नात पत्रिका जुळवतो, गोत्र बघतो, आजारांचं मात्र सासरचे वेगळे आणि माहेरचे वेगळे असं वाटून घेतो, पण मुलांच्या अंगात दोन्ही घरं येतात ना, अर्धं यांच्याकडून आणि अर्धं तुमच्याकडून. वडिलांना किंवा भावाला 55 च्या आत अटॅक आला असेल, आई-बहिणीला 65 च्या आत, तर तो घरचा धोका म्हणून धरतात. बाबांचं वय 52. म्हणजे तुमचं आणि तुमच्या भावंडांचं लिपिड प्रोफाईल व्हायलाच पाहिजे. त्यात एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) 190 च्या वर आलं तर ते फक्त खाण्यामुळे आहे म्हणून सोडून देऊ नका, घराण्यात चालणारा कोलेस्टेरॉलचा एक प्रकार आहे, साधारण 250 लोकांत एकाला असतो, आणि त्यात प्रत्येक मुलाला येण्याची शक्यता अर्धी-अर्धी असते, त्याला औषध लागतेच, नुसतं तेल कमी करून भागत नाही. लायपोप्रोटीन ए म्हणून अजून एक टेस्ट आहे, आयुष्यात एकदा केली तरी चालते, बाबांची गोष्ट डॉक्टरांना सांगा आणि करायची का ते विचारा.

यासाठी एक काम करा, महालक्ष्म्यांना सगळं खटलं घरी जमते तेव्हा एक कागद घेऊन बसा. आजी-आजोबा, आई-वडील, काका, आत्या, मामा, मावशी, कोणाला काय होतं आणि कितव्या वर्षी निघालं. वय महत्त्वाचं, आजाराच्या नावाइतकंच. सुरुवातीला सगळे "नाही बा, तसं काही नव्हतं" म्हणतील, मग एखादी आत्या हळूच सांगेल की आजोबांचा पायाचा अंगठा कापावा लागला होता, जखम भरत नव्हती. ती शुगरच होती, फक्त नाव माहीत नव्हतं. त्या कागदाचा फोटो काढून दोन्ही घरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका, भाऊ, दीर, नणंद सगळ्यांना कामी येईल.

आता दोन स्वयंपाक. उद्यापासून एक करा. यांचं जे पथ्य आहे ते आजाऱ्याचं जेवण नाहीच, तेच सगळ्यांचं जेवण आहे. तुमच्या पाच जणांच्या घरात 5 लिटर तेलाची कॅन किती दिवस जाते ते बघा, माणशी महिन्याला अर्धा लिटर धरलं तर दोन महिने पुरायला हवी, बहुतेक घरांत महिन्याच्या आत संपते. मी तुम्हाला सावजी सोडा, तर्री-पोहे सोडा असं सांगणार नाही, नागपुरात राहून ते कोणी सोडत नाही आणि मग पूर्ण पथ्यच सुटते, पण तर्री-पोहे रविवारी, आणि त्या दिवशी वर चणे जास्त, तर्री वरची नाही, खालची घ्यायची. रोजच्या ताटात आपलंच जुनं आणा ना, ज्वारीची भाकरी, बरबटीची (चवळीची) उसळ, मोठ (मटकी), अंबाडीची भाजी, भरीत, सोबत काकडी-मुळा-कांदा आणि वर भरपूर सांबार (कोथिंबीर), मुठभर फल्लीदाणे. भात बंद नाही करायचा, आधी भाजी-उसळ खायची आणि भात शेवटी थोडा. वडाभातावर कढत तेल ओततो ते चमच्याने मोजून ओता. सकाळ-दुपारच्या चहातली साखर सगळ्यांचीच अर्धी, पोरांच्या बिस्किटासकट. एकच ताट झालं की यांनाही आपण आजारी आहोत असं वाटणार नाही आणि तुम्हालाही रात्री दोन-दोन पातेली संपवावी लागणार नाहीत. फक्त सासूबाई गोळ्या किंवा इन्शुलिन घेत असतील तर खाण्यात मोठा बदल करायच्या आधी त्यांच्या डॉक्टरांना विचारा, नाहीतर शुगर एकदम खाली जाऊ शकते.

जेवल्यावर 15 मिनिटं चाला. चालताना पायांचे स्नायू इन्शुलिनची वाट न बघताही शुगर ओढून घेतात, म्हणून जेवणानंतरचं छोटं चालणंही कामाला येते. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो, तेव्हा दुपारी कोणी चालू शकत नाही हे मला माहीत आहे, पण रात्री साडेआठ-नऊला लेआऊटमध्ये दोन चकरा होतात, आणि त्यात मुलाला सोबत घ्या, यांनी आणि मुलाने मिळून जा. बाप चालला की पोरगं चालते, नुसतं सांगितल्याने नाही चालत. पावसाळ्यात गच्चीवर नाहीतर घरातल्या घरात.

एक गोष्ट आपल्या विदर्भासाठी वेगळी सांगते. दोन्ही घरांपैकी कोणाकडे सिकलसेल असेल किंवा कोणाला वाहक म्हणून सांगितलं असेल तर नुसत्या एचबीएवनसीवर विसंबू नका, ती टेस्ट लाल पेशींवर अवलंबून असते आणि सिकलसेलमध्ये आकडा खोटा कमी येऊ शकतो, रक्तात लोह कमी असेल तर उलट थोडा जास्त येऊ शकतो. अशा वेळी उपाशीपोटी आणि ग्लुकोजनंतरची शुगर बघायची. बायकांमध्ये हिमोग्लोबिन कमी असणं किती कॉमन आहे तुम्हाला माहीतच आहे, म्हणून तुमचं हिमोग्लोबिनही सोबत करा.

तर या आठवड्यात एवढंच. कोणत्याही एका दिवशी, रात्री 9 ला जेवा, नंतर पाण्याशिवाय काही नाही, सकाळी 7 ला लॅबमध्ये जा आणि सांगा, 75 ग्रॅम ग्लुकोजची टेस्ट, लिपिड प्रोफाईल, हिमोग्लोबिन. पहिलं रक्त दिल्यावर ग्लुकोजचं पाणी प्यायचं आणि 2 तास तिथेच बसायचं, खूप गोड लागते, लिंबू पिळून द्यायला सांगा. उपाशीपोटीची 100 च्या आत आणि 2 तासांनंतरची 140 च्या आत हवी. पैशांची अडचण असेल तर महापालिकेच्या नागरी आरोग्य केंद्रात 30 वर्षांच्या वरच्यांची शुगर-बीपी तपासतात, आणि मेडिकल-मेयो ही सरकारी हॉस्पिटलं आहेतच. त्या दिवशी पोरांचा डबा यांना करू द्या, पोहे येतात बहुतेक सगळ्यांना. लॅबमध्ये सासूबाईंना सोबत न्या, त्यांचा बीपी तिथेच बघून घ्या आणि शेवटची एचबीएवनसी कधी केली ते विचारा. मुलाचं पुढच्या आठवड्यात, यांचं तीन महिन्यांनी परत. आणि रिपोर्ट आले की मला पाठवा, पण यावेळी पत्रात पहिल्या ओळीत तुमचा आकडा लिहा.